झाकण उघडले तेव्हा

मी एक जुना फ्रीज आहे. हसू नका मित्रांनो! माझ्यात दूध-भाजी कधीच ठेवली गेली नाही. माझ्या पोटात टांगलेली असे एक नखाएवढी चिप. तिच्यावरचे क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे इवलेसे गणक, अवघड गणिते करत, पण स्वभावाने भारी नाजूक. जराशी ऊब लागली की सारे विसरत. म्हणून मी त्यांना अवकाशापेक्षाही गार ठेवत असे.

मला जोडले एका संशोधक बाईंनी. माझा प्रत्येक स्क्रू त्यांच्या हातचा. त्यांनी चिपमागून चिप घालून पाहिली, पण दर वेळी पालथ्या घड्यावर पाणी. घरून लेकीचा फोन येई, "आई, तुझा फ्रीज तुला जेवायला तरी सोडतो का गं?" बाई हसत आणि पुन्हा संगणकाच्या पडद्याकडे वळत.

आणि एकदा एक चिप टिकली! क्यूबिट काही विसरेनात. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. पण आमच्या कामात एकदा जमलेले कोणी खरे मानत नाही. तेच पुन्हा करून दाखवावे लागते. बाईंनी आठवडाभराची मुदत मागितली.

नेमके त्याच आठवड्यात पैसे गुंतवणारे पाहुणे येणार होते. कंपनीचे मोठे साहेब म्हणाले, "झाकणं काढा. आतला सोनेरी भाग दिसला पाहिजे, फोटो छान येतील."

"साहेब, उघडायचं तर आधी गरम करावं लागेल. मग हीच चिप पुन्हा अशी वागेल याचा नेम नाही."

"अहो, फ्रीजच आहे ना? परत थंड करा की!"

मला ओरडावेसे वाटले. पण फ्रीजला कोण विचारतो? मी हळूहळू तापत गेलो. पाहुण्यांनी माझे तोंडभर कौतुक केले, फोटो काढले आणि ते गेले. मी पुन्हा जीव तोडून गार झालो, पण ती चिप पूर्वीसारखी कधीच वागली नाही. बाईंचे कोणी खरे मानले नाही. वर्षअखेरीस आमचे कामच बंद झाले.

आता मी कंपनीच्या दर्शनी दालनात झाकणांवाचून टांगलेला असतो. आज बाई आपले ओळखपत्र परत करायला आल्या. सोबत लेक होती.

"आई, किती सुंदर आहे हा! आधी का नाही दाखवलास?"

बाईंनी माझ्या एका सैल स्क्रूकडे हात नेला.

"मॅडम, हात नका लावू," रखवालदार म्हणाला. "शोभेची वस्तू आहे."

बाईंनी हात मागे घेतला.

मित्रांनो, झाकणाआड कोणाचे काम चालले असेल तर कृपा करून बाहेर थांबा. मला आता येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहतो. आत पाहण्यासारखे काही उरलेले नाही.