ड्राय बाल्कनीतलं टेबल

ड्रिलची भुकटी आधी पांढरी पडली, मग करडी. पांढरी पुट्टीची, करडी आतल्या ब्लॉकची. भिंतीचा कुठला थर कुठे संपला, ते वॉशिंग मशीनच्या झाकणावर स्पष्ट दिसत होतं. मी फडकं घेऊन उभी होते, पण पुसलं नाही.

"वहिनी, थोडी घान होनारच," वायफाय बसवायला आलेला दिपेश म्हणाला. तो खारघरच्याच जुन्या गावातला. "सोसायटीवाले विचारतात, भोक पाडायची परवानगी हाय का. मी बोललो, तुमचा टॉवर आमच्या भातशेतीत उभा हाय, तवा आमाला कोनी विचारलेलं?"

माझा नवरा अभिराम मनापासून हसला. आज त्याने मुद्दाम सुट्टी घेतली होती.

"राउटर इथे, दाराजवळ लावा," तो म्हणाला. "आणि टेबल इथे, आत."

आत म्हणजे ड्राय बाल्कनीत, कपडे धुवायच्या-वाळवायच्या चिंचोळ्या जागेत. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला भिंत, समोर ग्रिल. अभिरामने टेपने मोजून भिंतीला अडकवायचं, मिटणारं टेबल मागवलं होतं. ते खोक्यातून काढून ठेवलं होतं.

"इथं बसून काय काम करनार?" दिपेशने मला विचारलं. उत्तर अभिरामने दिलं.

"ऑनलाइन. मुलांच्या केमिस्ट्रीच्या शंका सोडवायच्या. घरबसल्या."

"आनि मशीन गरगरली की पोरांना वाटेल, प्रयोग फसला!"

मीसुद्धा हसले. हसणं सोपं होतं.

ड्राय बाल्कनीला लागून आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची खोली आहे. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू कमजोर झाली. बोलणं पूर्वीसारखं तल्लख आहे, पण पलंगावरून उठायला कोणाचा तरी हात लागतो आणि परक्या बाईचा हात त्यांना नको असतो. दोन बायका ठेवून पाहिल्या, दोघींना त्यांनीच घालवलं. म्हणून मी तळोज्याच्या औषध कंपनीतली प्रयोगशाळेची नोकरी सोडली. तेव्हा ठरलं होतं, काही महिनेच. त्याला आता दोन वर्षं झाली.

मागच्या आठवड्यात तिथल्या माझ्या वरिष्ठ संघमित्रा मॅडमचा फोन आला होता. जागा रिकामी झालीय, सोमवारी रुजू हो, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी घ्यावं लागेल. आज संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्यायचं होतं. मी अभिरामला त्याच दिवशी सांगितलं. तो "बघू" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने वायफायची चौकशी केली. मग टेबल मागवलं. मग शिकवणीच्या कंपनीत माझं नाव दिलं. घरात मला कोणीच 'नाही' म्हणालं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

राउटरचे दिवे लागले. दिपेश मोबाइल घेऊन हॉलमध्ये गेला, मग आमच्या खोलीत, मग आईंच्या. मी त्याच्या मागे गेले.

"फुल!" तो म्हणाला. "आजी, आता सिरियल अडकनार नाय."

"सिरियल नाही बघत मी," आई म्हणाल्या. "त्यातल्या सुना फार रडतात. आमची क्षिप्रा बघ, कधी हूं की चूं नाही."

मी त्यांची उशी सरळ केली.

"साहेब, आता लिफ्टजवळ उभं राहून बोलायला नको," दिपेशने दारातून सांगितलं. आमच्या मजल्यावर मोबाइलची रेंज टिकत नाही. सगळी बिल्डिंग फोनवर बोलायला लिफ्टपाशी जाते. "ऐरोलीचं हापिसच घरात आना!"

अभिरामच्या ऑफिसातले निम्मे लोक घरून काम करतात. त्यालाही मुभा होती. घरात नेट टिकत नाही, असं तो सांगायचा, आणि ते खरंच होतं. आजपर्यंत खरं होतं.

"अरे हो, अभि," आई म्हणाल्या, "म्हणजे तुलाही जमेल की घरून."

"माझं वेगळं असतं गं आई. मोठी टीम आहे."

"तुझं सगळं लहानपणापासून वेगळंच. ताटातली भाजीसुद्धा वेगळी लागायची."

"बघू नंतर," तो म्हणाला आणि ड्राय बाल्कनीत गेला. "दिपेशभाऊ, ड्रिल काढलंच आहे, तर टेबलासाठी चार भोकं पाडून द्या ना. क्षिप्रा, इकडे ये. जरा धर, तुझ्या हिशोबाने उंची बघ."

मी आत जाऊन टेबलाची फळी भिंतीला टेकवून धरली. पाठ मशीनला लागली. फळी आडवी आल्यावर बाहेर पडायचं तर आधी ती मिटावी लागणार होती. ग्रिलमधून शेजारच्या टॉवरचे पाइप दिसत होते, मजल्यामागून मजला, सगळे सारखे. भिंतीपलीकडून आईंनी हाक मारली, "क्षिप्रा, पाणी दे गं."

"बघ," अभिराम खूश होऊन म्हणाला, "इथे अगदी स्पष्ट ऐकू येतं. तुला उठून सारखं बघायलाही जायला नको."

त्याच्या आवाजात खोट नव्हती. त्याला खरोखर वाटत होतं की त्याने माझी सोय केली.

त्याने पेन्सिलने खुणा केल्या. दिपेशने ड्रिलचं टोक पहिल्या खुणेवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, पाडू? मग हालवता येनार नाय हां."

"पाडा, पाडा," अभिराम म्हणाला.

"थांबा," मी म्हणाले.

हात भरून आले होते. फळी सोडली असती, तर पायावर आली असती. मी ती खाली टेकवली, मिटली, आणि तिला वळसा घालून बाहेर आले. आईंना पाणी दिलं. त्या प्यायल्या, तोवर अभिराम दारात येऊन उभा राहिला होता.

"काय झालं? उंची चुकली का?"

"उंची बरोबर आहे," मी म्हणाले. "अभिराम, मी सोमवारपासून तळोज्याला जाणार आहे. आईंजवळ घरी राहून तू काम कर."