बिनधुराची सकाळ

तपासायला आलेल्या बाईने जुन्या चुलीच्या राखेत हात घातला आणि चटकन मागे घेतला. राख गरम होती. घरोघरी बिनधुराच्या शेगड्या बसवायच्या आणि मग लोक त्या वापरतात की नाही ते बघत फिरायचं, हे तिचं काम. असली लपवाछपवी तिने पुष्कळ पाहिली होती.

"शेगडी आवडली नाही का, काकू?"

"सोन्यासारखी आहे. सगळा स्वयंपाक तिच्यावरच करते."

"मग ही कशाला पेटवता?"

उत्तराआधी काकूंना खोकल्याची उबळ आली. धूर बंद करा, नाहीतर छाती जाईल, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. उबळ ओसरल्यावर त्यांनी खिडकीतून ओढ्यापलीकडच्या घराकडे बोट दाखवलं.

"थोरल्या जाऊबाई. बांधावरच्या झाडावरून आमचं बोलणं बंद झालं. झाड कधीच वाळलं, अबोला अजून हिरवागार आहे."

शेगडी पहिल्यांदा पेटली त्या सकाळी छपरातून धूर निघाला नव्हता. जाऊबाई एकाच पायात चप्पल घालून ओढा ओलांडत धावत आल्या. दारातून काकूंना पाहिलं, उभ्याउभ्याच दम खाल्ला आणि एक अक्षर न बोलता माघारी गेल्या. गुडघ्यांनी बेजार झालेली बाई. तेव्हापासून काकू रोज सकाळी जुन्या चुलीत मूठभर ओला पाला जाळत. वर काहीच शिजत नसे.

"सरळ जाऊन सांगा ना त्यांना."

"आधी कोण बोलणार?"

"तुमची छाती काही अबोल्याइतकी टिकायची नाही, काकू," एवढं म्हणून ती पुढच्या घरी गेली.

काकूंना ते फार लागलं. दिवसभर त्या भांड्यांवर राग काढत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी जुन्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं.

सकाळी शेगडीवर चहा केला, किटलीत भरला, दोन पेले घेतले आणि त्या ओढ्याकडे निघाल्या. जाऊबाई पलीकडचा उतार उतरतच होत्या. चपला आज दोन्ही पायांत होत्या, पण उलट्यासुलट्या.

"धूर कुठाय तुझा?"

"बंद केला. छातीला सोसत नाही."

जाऊबाई काठावरच्या दगडावर टेकल्या.

"मग तू उठलीस ते रोज मला कळायचं कसं?"

"मी आणत जाईन ना चहा."

काकूंनी पेला भरून दिला. जाऊबाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर जरा बेताने घालत जा," म्हणाल्या, आणि उरलेला चहा संपवून रिकामा पेला पुन्हा पुढे केला.