शाळेच्या कंपनीची शेळी

मी शेळी बोलतेय. दचकू नका, आणि कौतुकही करू नका. माणसं दिवसभर बोलतात आणि त्यातून काही निघत नाही, तेव्हा एका शेळीनं जरा तोंड उघडलं तर काही बिघडणार नाही.

माझा जन्म कुमी गावाच्या पलीकडे, एका म्हाताऱ्याच्या अंगणात झाला. म्हातारा नाचणीची आंबील प्यायचा, भुईमुगाची टरफलं माझ्यापुढे टाकायचा आणि गुणगुणायचा. त्याला मी शेळी वाटायचे आणि मला तो म्हातारा. दोघांचाही कसला गैरसमज नव्हता. मग त्याचे गुडघे गेले, आणि एका बाजारच्या दिवशी त्यानं मला विकलं. घेणारी होती रस्त्याकडेची माध्यमिक शाळा. तिथून माझ्या नशिबी शिक्षण आलं.

शाळेत 'व्यवसाय' नावाचा विषय होता. तो शिकवायचे एमुरोन सर. त्यांचं एक खिळेमोळ्यांचं दुकान बुडालं होतं, कोंबड्या साथीत मेल्या होत्या, आणि नंतर काढलेला बिअरचा गुत्ता मित्रांनीच पिऊन संपवला होता. एवढी तयारी झाल्यावर ते मास्तर झाले. वरून फर्मान आलं होतं, की मुलांनी विषय नुसता घोकायचा नाही, खरा धंदा करून दाखवायचा. म्हणून माध्यमिकच्या तिसऱ्या वर्गानं घराघरातून वर्गणी आणून कंपनी काढली आणि कंपनीनं मला आणलं. सरांनी मला वर्गाच्या भिंतीला लागून बांधलं आणि मुलांना सांगितलं, "हे बघा. हे तुमचं भांडवल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली.

खिडकी माझ्या डोक्यावरच होती, त्यामुळे सगळे तास मला ऐकू यायचे. "गरज म्हणजे काय?" सर विचारायचे, आणि सगळा वर्ग एका सुरात व्याख्या म्हणायचा. मी खाली उपाशी उभी असायचे. माझं ओरडणं वाढलं की सर म्हणायचे, "खिडकी लावा रे, लक्ष लागत नाही."

कंपनी म्हटली की पदं आली. ओकिरोर नावाचा एक मुलगा होता, फाट्यावरच्या दुकानदाराचा. तो बापाचा टाय लावून आला आणि टायच्या जोरावर व्यवस्थापकीय संचालक झाला. मग विक्रीप्रमुख निघाला, जाहिरातप्रमुख निघाला, मनुष्यबळप्रमुख निघाला. संचालकाची खुर्ची आमोंगिनलाही हवी होती. ही बारीक अंगाची, तापट पोरगी. आई भुईमूग लावायची, बाप नव्हता. मतं पडली तेव्हा तिच्या बाजूला तिचं स्वतःचंच मत होतं.

"तू उत्पादनप्रमुख," ओकिरोर म्हणाला.

"म्हणजे काय करायचं?"

"उत्पादन."

"अरे, पण म्हणजे काय?"

"म्हणजे शेळीला पाला आण. आणि तिच्या खालचं झाडून घे."

वर्ग खदखदून हसला. आमोंगिनच्या कानशिलाची शीर उडाली. पण दुसऱ्या दिवशी ती रताळ्याच्या वेलांचा भारा डोक्यावर घेऊन आली. प्रेमानं आली असं समजू नका. भारा माझ्यापुढे आदळला आणि म्हणाली, "खा, मर." झाडताना माझा पाय मध्ये आला तर झाडूचा दांडा हाणायची. मला ती आवडली नव्हती. पण पाणी तिच्याच हातून यायचं, आणि स्वच्छ यायचं.

बाकीचे प्रमुख काय करायचे? मीटिंगा घ्यायचे. आंब्याखाली बसून कंपनीचं चिन्ह ठरवायचे. जाहिरातप्रमुखानं पाटीवर माझं चित्र काढलं, त्याला बोकडाची दाढी लावली आणि खाली लिहिलं, 'दर्जा हाच आमचा ध्यास'. तो मला कधी जवळून भेटला नव्हता.

मधल्या काळात मी कंपनीचा ठराव न घेता गाभण राहिले. शेजारच्या वाडीतला एक बोकड दावं तोडून आला होता. ही बातमी कळल्यावर मनुष्यबळप्रमुखानं सगळ्यांचं अभिनंदन केलं.

आणि मग हेडसर ओलुकांना कळलं, की तपासणीला निरीक्षक मॅडम येणार. हेडसर पोट पुढे काढून माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या डोळ्यांकडे त्यांनी बघितलंच नाही. मांड्यांकडे बघितलं.

"एमुरोन, पाहुण्यांना काय नुसता मक्याचा पोशो आणि राजमा घालायचा?"

"सर, तो मुलांचा प्रकल्प आहे..."

"मग मुलांनाही रस्सा मिळेल की!"

 पुस्तकात एक सोय सापडल्यासारखा एमुरोन सरांचा चेहरा उजळला. "तसं बघितलं तर सर, याला जाहिरातीवरचा खर्च म्हणता येईल."

मीटिंग बोलावली गेली. प्रश्न असा, की शेळी ही स्थिर मालमत्ता की चालू मालमत्ता? धंदा चालवण्यासाठी कायम ठेवायची ती स्थिर, विकून-संपवून टाकायची ती चालू. मी स्थिर निघाले तर जगणार होते आणि चालू निघाले तर शिजणार होते.

"चालू," ओकिरोर म्हणाला. "आणतानाच आपण विकायला आणली."

"खोटं बोलतोस," आमोंगिन उठली. "पिल्लांसाठी आणली. सरांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं. ती गाभण आहे, म्हणजे कारखाना सुरू आहे. सुरू कारखाना कापून कोण खातं?"

"तुला काय पडलंय गं एवढं? हिला रोज तूच तर शिव्या देतेस."

"शिव्या देते, म्हणून रश्श्यात बुडवू काय?"

"रस्सा सगळ्यांना मिळणार आहे," विक्रीप्रमुख हळूच म्हणाला.

एवढं बास झालं. हात वर झाले. ज्यांनी मला कधी मूठभर पाला घातला नव्हता, त्यांचे हात सगळ्यात उंच होते. एमुरोन सर नखं बघत बसले. "लोकशाही पद्धतीनं ठरलंय," ते म्हणाले, जणू त्यात त्यांचा हात नव्हता.

तपासणीच्या सकाळी स्वयंपाकी सुरी घेऊन आला. आमोंगिन माझ्या गळ्यात हात टाकून मातीत बसली होती. तिच्या छातीची धडधड माझ्या मानेला लागत होती. हेडसर धावत आले.

"ऊठ! गणवेश बघ कसा केलायस."

"सर, कंपनी वेगळी आणि शाळा वेगळी. हे तुमच्याच शाळेत शिकवतात. शाळेला शेळी हवी असेल तर शाळेनं ती विकत घ्यावी. बिल कुणाच्या नावानं करू?"

हेडसरांनी तिच्या थोबाडीत मारली. ती हलली नाही. मी त्यांच्या पॅंटला शिंग लावलं, पण बेताचंच लागलं.

तेवढ्यात फाटकातून एक भाड्याची मोटारसायकल आत आली. मागच्या सीटवर धुळीनं माखलेल्या मॅडम. गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून त्या तशाच निघाल्या होत्या. "काय चाललंय इथे?" त्यांनी विचारलं.

सुरी स्वयंपाक्याच्या पाठीमागे गेली. हेडसरांचे सगळे दात दिसायला लागले. "या मॅडम, या! हाच आमचा प्रकल्प. आणि तू गं, जा, तोंड धुऊन ये."

आमोंगिन तोंड धुवायला गेली आणि ओकिरोर टाय सारखा करत पुढे आला. काय बोलला म्हणता! शेळी ही आमची स्थिर मालमत्ता, तिच्यात आम्ही भविष्य बघतो, सुरू कारखाना कुणी कापतं का? शब्द न् शब्द त्या पोरीचा. मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, अहवालात माझं नाव घातलं, आणि जेवताना हेडसरांना हळूच विचारलं, "मटण नाही का केलं?"

मी अहवालात आले म्हणून वाचले. शेळी म्हणून वाचले असते तर जास्त बरं वाटलं असतं.

आमोंगिननं त्याच संध्याकाळी उत्पादनप्रमुखपद सोडलं. झाडू ओकिरोरच्या पुढ्यात टाकला आणि गेली. मग माझे खरे हाल सुरू झाले. पाला कुणी आणायचा यावर मीटिंग झाली. पाण्यासाठी समिती नेमली. दावं खुंट्याला गुंडाळत गुंडाळत इतकं आखूड झालं, की मला मान खाली घालता येईना. दिवसचे दिवस मी माझ्याच घाणीत उभी. खिडकीतून आतला घोष येतच होता, 'चांगल्या व्यवस्थापकाचे गुण सांगा'.

आमोंगिनही त्याच वर्गात बसत होती. माझं ओरडणं तिला ऐकू जात होतं. ती येत नव्हती, आणि मी तिलाही शिव्या दिल्या. आम्हालाही येतात.

कळा सुरू झाल्या त्या भरदुपारी, तास चालू असताना. करडू आडवं आलं होतं. मी ओरडले तशी खिडकी लावली गेली. मग आत बाक पडल्याचा आवाज झाला. "आमोंगिन, खाली बस!" सर ओरडले. ती दारातून नाही, खिडकी उघडून उडी मारून आली. आधी दावं सोडलं. मग बाह्या सारून हात घातला. रडत होती, मला शिव्या देत होती, आणि करडू वळवत होती. सगळे संचालक खिडकीत गर्दी करून बघत होते. एकानं नाक दाबलं होतं.

करडू बाहेर आलं, निपचित. तिनं त्याच्या नाकातला चिकटा तोंडानं ओढून थुंकला. करडानं पाय झाडला.

टाळ्या पडल्या. "कंपनीची मालमत्ता वाढली!" ओकिरोर आतून म्हणाला.

आमोंगिन उठली. पालथ्या हातानं तोंड पुसलं, करडू काखेत घेतलं आणि फाटकाकडे चालायला लागली. मी लडखडत मागे. मला कुणी ओढत नव्हतं.

"ए! कुठे चाललीस? ही चोरी आहे!" ओकिरोर ओरडला.

ती वळलीसुद्धा नाही. "मग मीटिंग बोलाव," म्हणाली.

शाळेतलं पुढचं ऐकीव आहे. एमुरोन सरांनी तिला प्रकल्पाचे गुण दिले नाहीत. निकाल हातात घेऊन ती माझ्या पाठीला टेकून बसली, आणि माझी पाठ ओली झाली. मी नेहमीसारखी सरकले नाही, एवढंच माझ्याकडून झालं. परीक्षा तिनं दिली. आईच्या शेताच्या बांधावर मी असते. करडू माजोरी निघालंय, माझ्यावरच गेलंय.

कंपनीनं मीटिंग घेतली म्हणे, एक सोडून बऱ्याच. शेळी परत आणायचा ठराव एकमतानं पास झाला. माझं येणं मात्र राहिलंय, कारण दोरी कोणी धरायची यावर चर्चा अजून चालू आहे.

तेव्हा शहाण्यांनो, चालू द्या. मला चरायचंय.