खोक्यातलं दुकान

शरयूला बसवतच नव्हतं. सांगली गाडी स्टँडवर लागली, लोक धडाधड आत घुसले, तिच्या पप्पांनी रुमाल टाकून खिडकीची जागासुद्धा धरली, तरी ही बाई आपली दांड्याला धरून उभी. बसली तर खोका मांडीवर घ्यावा लागणार, आणि खोका मांडीवर घेतला म्हणजे तो सांगलीला पोचवायला आपणही मदत केली असं होणार! ते तिला अजिबात मान्य नव्हतं.

कारण त्या खोक्यात पप्पांचं अख्खं दुकान होतं.

पप्पा म्हणजे मधू कांबळे. एअरफोर्समध्ये विमानांच्या दुरुस्तीत पंधरा वर्षं काढली आणि पेन्शनीत निघाल्यावर साताऱ्यात एवढंसं दुकान टाकलं. गगन हॉबी सेंटर. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या फळ्या, बिनइंजिनाच्या ग्लायडर विमानांचे किट, रंग, ब्रश. आणि दारात एक बाकडं. दुकानाचा नियम असा, की पहिलं विमान घरी न्यायचं नाही. बाकड्यावर बसायचं, पॉलिश पेपरनं पंख आपल्या हातानं घासायचा, पप्पांनी त्यावर बोट फिरवून मान हलवली की मगच पुढचं बोलायचं. पंख न घासणाऱ्याला विमान नाही. मामलेदाराचा मुलगा असो नाहीतर रिक्षावाल्याचा, सगळ्यांना एकच कायदा!

मग पोवई नाक्याजवळ ते सुपर मार्केट उघडलं. आत गारेगार हवा, ढकलायला गाड्या, आणि साबणांच्या शेजारी तारेच्या स्टँडवर विमानांचे डबे. चाळीस रुपयांत लढाऊ विमान. गोंद नको, घासणं नको, कटाकट दाबलं की झालं तयार. शरयूच्या वर्गातल्या पायलनं तर तीन जोडून टीव्हीवर ओळीनं लावली. शत्रूचा माल बघावा म्हणून शरयूनंही गुपचूप एक आणलं, आणि पंचाईत अशी झाली की ते तिला आवडलं. फारच छान दिसत होतं मेलं!

दिवाळीच्या सुट्टीत बाकडं रिकामं, मे महिन्यात रिकामं, गणपतीत रिकामं. शेवटी पप्पांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिक्युरिटीची ड्युटी धरली. आईनं पेढे आणले. माल सगळा सांगलीच्या सुमंतकाकांना द्यायचं ठरलं. ते पप्पांचे एअरफोर्समधले दोस्त, त्यांचं सांगलीत मोठं दुकान. शरयूला कुणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून तर ती आज हट्टानं बरोबर आली होती. सांगली येईपर्यंत पप्पांचं मन फिरवायचं. वर्गात वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून तिला वाटायचं, आपण बोललो की कुणीही ऐकेल.

पण उंब्रज गेलं तरी पप्पा खिडकीबाहेरच बघत होते.

"एवढ्या मोठ्या खोक्याचं लगेजचं तिकीट लागंल," कंडक्टर म्हणाला आणि खोका उचलून बघायला गेला. जोर लावला होता दगड उचलायचा, खोका एकदम वर आला आणि तो मागच्या माणसाच्या अंगावर गेला.

"आवं, ह्ये रिकामंच हाय की!"

"लाकूड आहे," पप्पा म्हणाले.

"लाकूड? मंग काय पिसांच्या झाडाचं हाय व्हय?"

अख्खी गाडी हसली. शरयूलाही हसू आलं, तिनं ते दाबलं. आज हसायचं नाही असं ठरलं होतं.

कऱ्हाडला एक आजीबाई चढल्या. मलकापूरच्या आक्काताई. चढता चढताच त्यांनी आपलं नाव, गाव आणि गुडघ्याचं दुखणं सगळ्यांना सांगून टाकलं. शरयूची जागा रिकामीच होती, त्या तिथं बसल्या. पिशवीतून खडखड वाजणारा एक डबा काढून पप्पांसमोर धरला.

"शिकल्यालं दिसता. ह्ये वाचून सांगा की, ह्ये उडतं का? सांगलीच्या नातवाला न्हेतीया. आमच्या कऱ्हाडात पन तसलं गारगार दुकान झालंय."

डब्यावर तेच लढाऊ विमान. शरयूनं डोळे वटारले.

"आक्का, हे उडत नाही," पप्पा म्हणाले. "शोभेचं आहे. ठेवायला छान आहे पण."

"उडत न्हाई? आन् मंग इमान कसलं त्ये! पोरगं तर लय नाचतंय, आज्जी, उडनारं आन, उडनारं आन." आक्काताईंचं तोंड एवढंसं झालं. "आता काय करू गं बाई?"

शरयूला हीच संधी वाटली. "पप्पा, खोक्यातलं एक द्या ना त्यांना."

"घासलेलं नाही."

"अहो पप्पा!"

"नातवाचं विमान, नातवानं घासलं पाहिजे. तो इथं आहे का?"

शरयूच्या डोक्यातच गेलं. "या नियमापायीच दुकान बसलं आपलं! लोकांना आत्ता पाहिजे असतं, आणि तुम्ही म्हणता, बस, घास. सुपर मार्केटवाला असं म्हणतो का कुणाला?"

पप्पांनी खोका पायांशी ओढून घेतला. गाडीतले पाचदहा लोक मात्र माना वळवून ऐकायला लागले.

"थांब गं पोरी, बापाला बोलू नगं," आक्काताई म्हणाल्या. "काय घासायचं त्ये आना हिकडं. नातू न्हाई तर न्हाई, त्याची आज्जी तर हाय?"

पप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी खाली वाकून खोक्याची सुतळी सोडली. कितीतरी दिवसांनी शरयूनं त्यांचे हात एवढे भराभर चालताना बघितले. पंख निघाला, पॉलिश पेपरचा तुकडा निघाला.

"एकाच दिशेनं, आक्का. भांडी घासल्यासारखं गोल गोल नको."

"गोल न्हाई तर न्हाई."

पण गाडीला धक्का बसला की हात गोल फिरायचाच. पेठ नाका आला, इस्लामपूर गेलं. आक्काताई घासतायत, पप्पा म्हणतायत, "आता डोळे मिटून बोट फिरवा, कुठं जाड लागतं?" आणि आक्काताई डोळे मिटून, जीभ दातात धरून बोट फिरवतायत. पांढरी भुकटी त्यांच्या लुगड्यावर, पप्पांच्या पँटवर, पुढच्या माणसाच्या टोपीवर. कंडक्टर दोनदा येऊन गेला. "गाडीत सुतारकाम चालत न्हाई," म्हणाला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मला जरा बघू द्या की घासून."

"व्हा बाजूला! माझ्या नातवाचं हाय."

पंखाची डावी बाजू त्यांनी जरा जास्तच घासली. शरयूला ते दिसलं, पप्पांनाही दिसलं. पप्पांनी बोट फिरवलं, थोडा वेळ थांबले आणि मान हलवली. आष्ट्याच्या पुढं रबर लावून पंख बांधून झाला, नाकाला मातीचा गोळा लागला आणि ग्लायडर तयार झालं. शरयू अजून उभीच होती, पण आता तिला बसायचं नव्हतं ते ग्लायडर नीट दिसावं म्हणून.

सांगलीच्या स्टँडवर उतरल्याबरोबर आक्काताईंनी पदर खोचला. पहिल्यांदा फेकलं ते सपशेल जमिनीत नाक खुपसून पडलं. पप्पांनी थोडी माती काढली. दुसऱ्यांदा ग्लायडर हातातून सुटलं आणि लोकांच्या डोक्यावरून, केळीवाल्याच्या गाड्यावरून, चढत्या पतंगासारखं वर वर जात उजवीकडे वळलं आणि रसवंतीच्या ताडपत्रीवर अलगद बसलं.

"आगं आयाई! ग्येलं की गं!" आक्काताई गुडघ्याचं दुखणं विसरून पळाल्या.

भोवती माणसं जमली. "कुठं मिळतं हो हे?" कॉलेजातल्या एका मुलानं विचारलं. "आम्हालापण घासू द्याल का?" गाडीतूनच उतरलेल्या एका बाईंनी विचारलं, त्यांच्या हाताला दोन मुलं.

"नाही मिळत आता," पप्पा शांतपणे म्हणाले. "साताऱ्याला दुकान होतं. बंद झालं."

होतं! झालं! अजून तर बोर्डसुद्धा उतरवला नव्हता.

"बंद नाही झालेलं!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की रसवंतीचं घुंगरू थांबल्यासारखं वाटलं. "आहे! दुकान आहे."

"शरयू, तू कोण ठरवणार?"

"मी! तुम्ही ठरवताना मला विचारलं होतं का?"

तेवढ्यात सुमंतकाका एम-एटी स्कूटरवरून आले. गाडी लावली, पप्पांना मिठी मारली, खोक्याकडे वळले. "मध्या, बरं केलंस. माझ्याकडं पण आता तीच प्लॅस्टिकची विमानं लटकतायत बघ, काय करणार. पण तुझ्या फळ्या लगेच खपतील. आर्किटेक्चरची पोरं घरांची मॉडेलं करायला नेतात."

त्यांनी हात घातला तसं शरयूला वाटलं, सरळ खोक्यावर बसावं, मग कोण उचलतो बघू. ती वाकलीसुद्धा. पण बाल्साच तो, बसल्याबरोबर दुकानाचा भुगा! मग तिनं खोक्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि वक्तृत्वातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"पप्पा, त्या म्हाताऱ्या आक्का अख्खा रस्ता घासत बसल्या. तुमच्या दुकानात आल्या असत्या का कधी? नसत्या. तुम्ही गाडीत आलात म्हणून बसल्या. नियम नका मोडू. बाकडं हलवा! यात्रेत न्या, शाळेत न्या, शिराळ्याला नागपंचमीला न्या."

पप्पांनी रसवंतीकडे बघितलं. आक्काताई ताडपत्रीखाली उभ्या राहून रसवाल्याला हुकूम सोडत होत्या, की काठी आन, पर पंखाला लागली तर बघ! त्यांच्या पिशवीतून तो सुपर मार्केटचा डबाही डोकावत होता. तो काही त्यांनी टाकला नव्हता.

"ड्युटी मी सोडणार नाही," पप्पा म्हणाले.

शरयूचे हात सैल पडले.

"गाळाही सोडायचा. तो परवडत नाही, ते खरं आहे. सुमंत, मोठ्या फळ्या घेऊन जा. किट राहू देत." मग हळूच, "रविवारी सुट्टी असते मला."

"अरे, पण किट ठेवून करणार काय तू?" काका म्हणाले.

"हिला विचार."

अर्धंच मिळालं होतं. बोर्ड उतरणार, शटर पडणार, सोमवारी पप्पा शिट्टी अडकवून गेटवर उभे राहणार. शरयूला रडूही येत होतं आणि त्या दोन मुलांच्या आईला पत्ताही द्यायचा होता. तिनं आधी घरचा पत्ता दिला.

परतीची गाडी खच्चून भरलेली. आता जागाच नव्हती, तरी पप्पांनी तिच्यासाठी कुणाला तरी सरकवलं.

"बस."

"नको. पप्पा, पहिल्या रविवारी शाळेच्या ग्राउंडवर. मी हेडबाईंना विचारते. पायलला आणते, ती तिची तिन्ही घेऊन येईल, येऊ दे. पण आपल्याला पॉलिश पेपर लागेल पुष्कळ. आणि माईक—"

"माईक कशाला?"

"मी बोलणार ना!"

"पुढच्या महिन्यात सहामाही आहे."

"ती होईल हो," शरयू म्हणाली, आणि गाडी वळणावर कलली तसं अर्धा झालेला खोका छातीशी घट्ट धरून विचारायला लागली, की यात्रा आधी कुठली येते, औंधची की पालीची.