दोन बोटांनी आवळा

मी आर्वोच्या रायफलीवरची दुर्बीण बोलतेय. वीतभराहून थोडी लांब, काळी, आणि स्वभावाने गरीब. कडांचा रंग उडालाय, पण नजर अजून पहिल्यासारखी आहे.

जन्म कारखान्यात झाला, तो फारसा आठवत नाही. कुणीतरी माझ्या पोटात नेम धरायची बारीक फुली बसवली, डोळा लावून पाहिलं आणि मला डब्यात घातलं. एकतीस वर्षांपूर्वी आर्वो कांगासने मला मिशिगनच्या उत्तरेला आपल्या गावी आणलं. तेव्हापासून साडेअकरा महिने कपाटात लोकरी मोज्यांशेजारी आणि नोव्हेंबरात पंधरा दिवस जंगलात, असं माझं चाललंय. माझी काही तक्रार नाही. मोजे फार बोलत नाहीत, ते बरंच आहे.

माझ्या डोक्यावर एक आणि कुशीला एक अशा दोन गुंड्या आहेत. त्या फिरवल्या की पोटातली नळी हलते आणि तिच्याबरोबर फुली सरकते. मग गोळी हवी तिथे आणता येते. गुंडी फिरवून झाली की आर्वो रिकाम्या पितळी काडतुसाने मला दोनदा टकटक करतो. फुली जागी नीट बसावी म्हणून इथले जुने शिकारी असंच करतात. मला गुदगुल्या होतात.

यंदा मात्र विपरीत घडलं. हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात सगळे गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जमतात. शंभर यार्डांवर जेवणाची कागदी ताटली लावायची आणि तिच्यात तीन गोळ्या बसवायच्या. ज्याला जमलं नाही, त्याने जंगलात बंदूक न्यायची नाही, शिकारीच्या मुक्कामावरच राहून सगळ्यांची भांडी घासायची. हा नियम आर्वोचाच. जावई रसेलने पहिल्या वर्षी पाच दिवस भांडी घासली होती आणि ते तो विसरलेला नाही.

आर्वोची पहिली गोळी ताटलीच्या बरीच खाली गेली. त्याने माझी वरची गुंडी फिरवली, टकटक केली. दुसरी गोळी तिथेच. आणखी फिरवली, तिसरीही तिथेच. गुंडी कटकट वाजत होती, पण माझी नळी जागची हलेना. मला हलायचं होतं हो, पण जीव गुदमरत होता. रसेलने माझ्याखालची पट्टी हलवून पाहिली, गोळ्या बदलल्या, स्वतः तीन बार काढले. त्याच्याही गोळ्या खालीच गेल्या. तरी येताना गाडीत आर्वो म्हणाला की उन्हाळ्यात मोतीबिंदू काढला तेव्हाच आपलं नेमबाजीचं वय संपलं असणार. रसेलने थट्टा केली नाही, याचंच आर्वोला जास्त लागलं.

घरी हेल्मीने मला फ्लॅनेलच्या फडक्याने पुसलं. ती त्याची बायको, आणि तरुणपणी त्याच्याहून चांगली नेमबाज. मला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या दोन कड्या आहेत, प्रत्येकीचे दोन अर्धे भाग स्क्रूंनी जोडलेले. त्यांच्यावरून तिने नख फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं आणि मला कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी आर्वोने आपली शिकारीची केशरी टोपी रसेलच्या हातात दिली. देवदाराच्या खोडाजवळची त्याची बसायची जागा, जिथे तो चव्वेचाळीस वर्षं बसला, तीही देऊन टाकली.

"पा, असं करू नका," रसेल म्हणाला. "मी भांडी घासतो."

"नियम माझाय," आर्वो म्हणाला. "आणि भांडी घासायला मी येणार नाही. घरीच राहीन."

हेल्मी ओट्याशी उभी होती. तिच्या हातात काकडीच्या लोणच्याची बरणी होती, आणि झाकण निघत नव्हतं. तिने ती दाणकन त्याच्यापुढे ठेवली.

"ही उघड. तूच लावलंयस झाकण. या घरातला नळ, बरणी, काहीही तू बंद केलंस की माणसाच्या हाताने उघडत नाही. आता त्या दुर्बिणीच्या कड्यांकडे बघ. दोन भागांत फट असते ना? कुठेय फट?"

आर्वोने पाहिलं. गेल्या वर्षी खडबडीत रस्त्यावर माझा एक स्क्रू ढिला झाला, हरणाचा मोठा नर हातचा गेला आणि लोक हिवाळाभर हसले. म्हणून यंदा त्याने पान्याला लोखंडी नळकांडं अडकवून सारं वजन टाकलं होतं. कड्यांची फट मिटली होती आणि माझं अंग दाबून पोटातली नळी अडकून बसली होती.

हेल्मीने स्क्रू सैल केले आणि पाना दोन बोटांत धरून पुन्हा आवळले. मी पोटभर श्वास घेतला. खाणीत गेल्यावर पहिली गोळी ताटलीवरून पार उंच गेली, कारण तीन दिवसांचे सगळे हुकूम मी एकदम पाळले. आर्वो इतका हसला की त्याला बसावं लागलं. मग त्याने गुंडी मागे फिरवली, टकटक केली, आणि तिन्ही गोळ्या ताटलीत बसल्या.

परत निघताना हेल्मी म्हणाली, "मला परवाच कळलं होतं. वसंतात तुझ्या छातीत दुखलं तेव्हापासून मला तुला घरीच ठेवायचं होतं. म्हटलं, आपोआप राहतोय तर राहू दे. पण तू टोपी दिलीस, ते मला बघवेना."

आर्वोने रिकामं काडतूस खिशात टाकलं.

"मग तूही चल," तो म्हणाला. "माझ्यावर नजर ठेव, दमलो तर परत आण, काय करायचं ते कर. पण जाऊ दे मला."

आज मी मुक्कामावरच्या खुंटीला आहे. बाहेर बर्फ भुरभुरतंय. हेल्मी भांडी घासतेय, आर्वो पुसतोय, आणि केशरी टोपी त्याच्याच डोक्यावर आहे. माझ्या अंगावर कडीचा वळ राहिलाय, तो काही जायचा नाही. ज्यांच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे की स्क्रू दोन बोटांनी आवळा. आम्हाला हलायला थोडी जागा असली, म्हणून काही आम्ही सोडून जात नाही.