तिसरं पाणी

“सोडा किती?” उस्तादांनी विचारलं, आणि मावशींनी खरं उत्तर दिलं.

“दोन मोठे चमचे. सालं बुडतील एवढं पाणी घ्यायचं, त्यात सोडा घालून उकळायचं. बोटानं दाबली की दबली पाहिजेत.”

“आणि मग?”

“मग रस, साखर, दोन लवंगा. मंद आचेवर.”

उस्तादांनी ते वहीत लिहून घेतलं. मधली एक पायरी मात्र राहिली. सोड्याचं पाणी फेकून द्यायचं आणि सालं तीन पाण्यांनी धुवायची, ही. मावशींच्या ती ओठावर आली होती, पण त्यांनी गिळली. एकवीस वर्षांत या माणसाला त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी नाकारलं होतं. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी दोन घास जास्तच गेले.

उस्ताद म्हणजे हॉटेलचे मुख्य आचारी. मावशी फळं-भाज्यांच्या टेबलावरच्या. दर हिवाळ्यात तिथे आतून लाल असणाऱ्या संत्र्यांच्या पेट्या यायच्या. बाहेरून साधंच फळ, गालावर जराशी लाली, पण कापलं की आत डाळिंबासारखं लालभडक. मावशींनी त्याचं काय काय करून पाहिलं होतं! भाजलेल्या माशावर त्याचा आटवलेला रस घातला, केकवर पातळ चकत्या लावल्या, आणि शेवटी ते गरम पेय जमवलं. साल, रस, साखर आणि दोन लवंगा. त्या पेल्यासाठी लोक परगावाहून यायला लागले.

मग एका मासिकात उस्तादांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘लाल पेयाचे जनक’. उस्ताद हसत होते, आणि फोटोच्या कडेला संत्रं धरलेले दोन हात दिसत होते. एका मनगटावर भाजल्याचा जुना डाग. मनगटाच्या पुढची बाई कापून टाकली होती.

“आई, हे तुझे हात,” लेक म्हणाली.

“हो, हातच बरे दिसतात माझे,” मावशी म्हणाल्या आणि कणीक मळायला बसल्या. ती कणीक त्या दिवशी जरा जास्तच मळली गेली. तेव्हापासून त्यांनी उस्तादांवर दात धरला.

पुढच्याच हिवाळ्यात उस्ताद वही घेऊन आले होते. पुस्तक काढायचं होतं त्यांना. कृती करून बघायची त्यांना गरज वाटली नाही. गेल्या दहा वर्षांत त्यांच्या हातात चव घ्यायच्या चमच्याशिवाय काही आलं नव्हतं.

पुस्तक छापून आलं. लेकीनं ते पान वाचलं आणि ती थबकली.

“आई, तीन पाणी राहिलीत की गं यात.”

“राहू देत.”

“अगं, लोक करून बघतील ना.”

“आधी तो करेल. चारचौघांत.”

“कीव नाही येत तुला त्याची?”

“माझं तोंड कापताना त्याला आली होती?” मावशी म्हणाल्या. लेकीनं पुस्तक मिटलं.

प्रकाशन हॉटेलच्याच मोठ्या दालनात होतं. टेबलावर शेगडी मांडली होती. उस्ताद पाहुण्यांसमोर पेय करणार, आणि मावशी सालं कापून देऊन मागे उभ्या राहणार, असं ठरलं होतं. मावशी त्या दिवशी पहाटेच उठल्या होत्या आणि केस दोनदा विंचरले होते.

सालं उकळली. उस्तादांनी माइकवर एक विनोद केला, लोक हसले, आणि त्यांनी तांब्याभर लाल रस त्या सोड्याच्या पाण्यात ओतला.

भांडं फसफसून उतू गेलं. फेस टेबलावरून पांढऱ्या कापडावर आणि तिथून उस्तादांच्या बुटांवर आला. खाली जे उरलं, त्याचा रंग भांडी विसळलेल्या पाण्यासारखा होता. उस्तादांनी घाईघाईनं साखर घातली आणि एक पेला मालकांना दिला. मालकांनी घोट घेतला आणि रुमालात थुंकला.

“साबण आहे का हा?”

“मावशी!” उस्ताद ओरडले. माइक चालूच होता. “काय दिलंत तुम्ही मला?”

“पुस्तकात आहे तेच, उस्ताद,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “तुम्हीच लिहिलंय ना?”

मालकांनी उस्तादांकडे पाहिलं, मग मावशींकडे.

“तुम्हाला येतं करता?”

मावशींनी टेबलाखालचं झाकलेलं पातेलं वर घेतलं. त्यात सकाळीच तीन पाण्यांनी धुतलेली सालं होती. पाऊण तासात पेले भरले, लाल, काठोकाठ. छायाचित्रकार पुढे आला.

“उस्ताद, जरा बाजूला व्हा ना.”

उस्ताद बाजूला झाले. या एका वाक्यासाठी मावशी दोन वर्षं जगल्या होत्या, आणि ते ऐकताना त्यांना हसू आवरेना.

नवा फोटो आला. मधे मावशी, आणि कडेला घड्याळ घातलेला एक कापलेला हात. लेकीनं दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी चिकटवली. उस्ताद तोवर नोकरी सोडून गेले होते.

पुढचा हिवाळा आला, पण पेट्या आल्या नाहीत. मावशींनी मालकांना गाठलं.

“त्या पेयाचं नाव काढलं की लोकांना फेसच आठवतो हो,” मालक म्हणाले. “यादीतून काढलंय. तुमचा दोष नाही.”

उस्तादांचं नाक कापायचं एवढंच मावशींनी ठरवलं होतं. सुरी आणखी कुठवर जाईल, हे दोन वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्या टेबलावर परत आल्या आणि दिवसभर गाजरं सोलत राहिल्या.

घरी जाताना त्यांनी बाजारातून एकच लाल संत्रं घेतलं. सालं उकळली, पाणी फेकलं, धुतली, पुन्हा धुतली.

“एका कपासाठी तीनदा कशाला?” लेक म्हणाली. “आपल्यालाच तर प्यायचंय.”

मावशींनी दुसरं पाणी ओतून दिलं आणि तिसऱ्यासाठी भांडं नळाखाली धरलं.