सोलारिसच्या पानावरचे डाग

माझ्या लेकीनं, रेनहिल्डनं, शब्द दिला तो आमच्या दारावर खराटा टांगलेला असताना, म्हणजे अख्ख्या गावासमोर. वसंतात आमच्या टेकडीवर ज्याच्या दाराला खराटा, त्याच्या अंगणात सगळे जमतात, त्याच्या घरची वाइन पितात आणि वर त्यालाच नावं ठेवतात. त्या दिवशी आमची पाळी होती. माझ्या लेकीनं वरच्या टप्प्यावर लावलेल्या सोलारिस जातीच्या द्राक्षांची पहिली वाइन मी वाढत होते.

गॉटलीबभावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचा, अ‍ॅन्सेल्मचा, चुलतभाऊ. अ‍ॅन्सेल्म वारल्यावरही भावजींनी आमच्या घरात नाक खुपसणं सोडलेलं नाही. तेच नाक त्यांनी पेल्यात घातलं.

"चव बरी आहे, वहिनी. पण या संकरित वेलींचा भरवसा काय? म्हणे फवारणी नको. आजारी न पडणारी वेल देवानं अजून जन्माला घातलेली नाही."

"काका, जंगली वेलीची ताकद आहे हिच्यात," रेनहिल्ड म्हणाली. "या वर्षी मी एकदाही फवारणार नाही. पानांवर केवडा रोग धरला, तर सुगीआधी सगळ्या रांगा माझ्या हातानं उपटून टाकीन."

जीभ थेट बापाची. पेला भरायच्या निमित्तानं मी तिचा पाय तुडवला, पण शब्द सुटला होता. खराट्याखाली दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मागे घेत नाही. घेतलाच, तर पुढच्या वर्षी त्याच्या अंगणात कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

पाच वर्षं तिनं त्या उतारावर काढली होती. तिथं ट्रॅक्टर चढत नाही, सगळं पाठीवरून न्यायचं. का एवढा हट्ट, विचारलं की म्हणायची, "आई, फवारणीतला तो निळा मोरचूद मातीत साठतो गं. आजोबांनी मारलेलासुद्धा अजून तिथंच आहे."  अ‍ॅन्सेल्मच्या सदऱ्यांवरचे निळे डाग धुता धुता माझं आयुष्य गेलं होतं, ते काही निघाले नाहीत.

जून लागला आणि पाऊस थांबेचना. जरा उघडीप मिळाली की खालच्या मळ्यातून भावजींच्या फवारणीच्या पंपाची घरघर सुरू. आमचा वरचा टप्पा गप्प. त्या गप्पपणानं माझी झोप उडाली होती.

जुलैत एका संध्याकाळी भावजी आले ते टोपीच्या पट्टीत पान खोचून. "वरचं आहे. बघून घ्या."

पानावर मोहरीएवढे तपकिरी डाग होते, चांगले पसाभर. 

रेनहिल्डनं पान दिव्याशी धरलं. "हे डाग रोगानं नाही केले, काका. वेलीनं केलेत. रोग जिथं आत शिरतो, तेवढा भाग पान स्वतःच मारून टाकतं. मग रोगाला खायला काही उरत नाही."

"म्हणजे ढेकणासाठी घर जाळायचं?"

"घर नाही. ढेकूण बसलाय तेवढाच चादरीचा कोपरा."

बोलली झोकात, पण पान पुन्हा पुन्हा उलटून बघत होती. पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या पानावर आलं होतं. आणि खरं सांगू? माझाही विश्वास नव्हता.

"वाटीखाली ठेवू," मी म्हणाले. हे टेकडीवर पोरंटोरंही जाणतात. पान ओल्या फडक्यावर पालथं घालून वर वाटी झाकायची. केवडा जिवंत असला तर सकाळपर्यंत पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी येते.

"माझंही पान ठेवा शेजारी," भावजी ऐटीत म्हणाले. "फवारलेलं, निरोगी. फरक तरी कळेल." आणि लगेच खालून खुडून घेऊन आले.

ते गेल्यावर मी अ‍ॅन्सेल्मचा पाठीवरचा पंप काढला आणि निळ्या पाण्यानं काठोकाठ भरला. शब्द गेला चुलीत. लेक आपल्या हातानं वेली उपटतेय, हे मला बघायचं नव्हतं. रेनहिल्ड दारात उभी होती. तिनं पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आधी वाटी उघडू, आई," एवढंच म्हणाली.

उजाडताच भावजी हजर. मी आधी त्यांच्या पानावरची वाटी उचलली. पानाची पाठ पांढरीफटक, दळण सांडल्यासारखी. भावजी वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"ही तुमची, वहिनी. वाट्या बदलल्या असतील."

"तुमच्या पानाचं देठ तुम्ही दातानं तोडलेलं, भावजी. बघा, खूण आहे."

मग मी दुसरी वाटी उचलली. सोलारिसचं पान हिरवंगार. मी ते भिंगाखाली धरलं. डाग तेवढेच, कालच्याएवढेच, कोरडे ठक्क. बुरशीचं एक तूससुद्धा नाही. रात्रभर ओल पाजून मी शत्रूला आमंत्रण दिलं होतं, आणि या पानानं त्याला दारातच उपाशी मारलं होतं. ना डोकं, ना हात, एवढंसं पान.  रेनहिल्ड माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, तेव्हा कळलं, पोरगी इतके दिवस किती घाबरली होती.

भावजी आपलं पान फडक्यात गुंडाळत होते. मी पंप त्यांच्यापुढे सरकवला. "भरलेला आहे. तुम्हालाच लागेल. घेऊन जा."

त्यांनी पंप पाठीवर घेतला. फाटकाशी थांबून, मागे न बघता म्हणाले, "सुगीला हात कमी पडले तर सांग, रेनहिल्ड. उपटायला नाही. खुडायला."

मग मी एकटीच वर गेले. पावसाळी हवेत सगळी टेकडी केवड्यानं तांबूस पडली होती, आणि मधे आमचा तो टप्पा हिरवा. वेलीत एका पाखरानं घरटं केलं होतं. ते बसूनच राहिलं, उडालं नाही. त्याला पंप माहीतच नव्हता. मी एक पान हातात घेतलं आणि सवयीनं बोटानं त्यावरचा डाग पुसायला गेले. निघाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, न निघू दे.